भोचकांचं शहर

जूनमध्ये जपानला जाऊ नका, असं आम्हाला चार जणांनी बजावलं होतं. त्या महिन्यात तिकडेही पाऊस असतो, त्याला ते 'त्सुयु' म्हणतात, आणि पुण्याचा पाऊस सोडून कोबेचा पाऊस बघायला एवढे पैसे कशाला घालायचे, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा बिनतोड होता. पण तिकीट स्वस्त मिळत होतं आणि माझ्या बायकोला, सुलभाला, भाचीचं घर बघायचं होतं. 'घर बघायचं' या दोन शब्दांत काय काय येतं ते विवाहितांना सांगायला नको. त्यात कपाटं येतात, फ्रिज येतो, आणि सिंकखालची ती जागा येते जिथे कुणीच बघत नाही असं घरमालकिणीला वाटत असतं.

भाची सानिका कोबेच्या पोर्ट आयलंडवर एका प्रयोगशाळेत काम करते. तिचा नवरा केदार घरी बसून काम करतो आणि उरलेल्या वेळात जुने व्हिडिओ गेम जमवतो. कुणी अडकित्ते जमवतं, कुणी दिवे जमवतं, तसं हे. त्याच्याकडे एक जुना, पाठीला कुबड असलेला टीव्हीही आहे. हे खेळ सपाट टीव्हीवर 'लागत नाहीत', असं तो म्हणतो. बिडाच्या तव्याशिवाय घावन होत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या सुरात. तिसऱ्या दिवशीही पाऊस थांबेना तेव्हा त्याने कपाटातून एक सीडी काढली, शर्टाला पुसली आणि म्हणाला, "मामा, हा खेळा तुम्ही. यात पळापळ नाही. नुसतं वाचायचं आणि विचारायचं. आणि सगळं इथेच घडतं, कोबेत."

खेळाचं नाव 'स्नॅचर'.

मला व्हिडिओ गेम म्हणजे उड्या मारणारा मिशीवाला प्लंबर एवढंच माहीत होतं. हे वेगळंच निघालं. पडद्याच्या वरच्या भागात एक चित्र, खाली मजकूर, आणि क्रियापदांची एक यादी: पाहा, तपासा, विचारा, जा. यादीतलं एक क्रियापद निवडायचं, मग कशाला पाहायचं, कुणाला विचारायचं ते निवडायचं. मधूनच एखादा यंत्रमानव अंगावर येतो, तेव्हा पडद्याच्या नऊ चौकोनांपैकी नेमक्या चौकोनात गोळी मारावी लागते. तेवढी वेळ आली की मी केदारला हाक मारत असे. बाकी सगळा वेळ माणूस फक्त वाचतो आणि चौकशा करतो.

हा खेळ १९८८ सालचा. हिदेओ कोजिमा नावाच्या पंचविशीतल्या मुलाने तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. ज्या कोनामी कंपनीसाठी त्याने तो केला तिचा मुक्काम तेव्हा कोबेतच होता. ही कंपनी १९६९ साली ओसाकाजवळच्या तोयोनाका गावात ज्यूकबॉक्स भाड्याने देण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या धंद्यातून उभी राहिली. नाणं टाकलं की गाणं. पुढे नाणं टाकलं की खेळ. 'स्नॅचर' आधी एनईसी कंपनीच्या पीसी-८८०१ या संगणकावर आणि मग एमएसएक्स-२ वर आला. तेव्हा तो फ्लॉप्यांवर मिळायचा; एक काढा, दुसरी घाला. त्या खेळाचे सहा अंक करायचं ठरलं होतं म्हणे. वेळ संपला, दोनच अंक बाहेर पडले, आणि ऐन रंगात आल्यावर गोष्ट तुटली. दिवाळी अंकात कादंबरी वाचत रात्रीचा एक वाजवावा आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात 'क्रमशः' दिसावं, तसं त्या बिचाऱ्यांचं झालं असणार. १९९० साली बुटक्या, डोकंमोठ्या पात्रांचा 'एसडी स्नॅचर' निघाला, त्यात गोष्ट पुरी केली. मूळ खेळाला तिसरा अंक मिळाला तो १९९२ च्या सीडीवरच्या आवृत्तीत. म्हणजे पीसीवरच्या त्या वाचकाला चार वर्षं हातात चहाचा कप धरून थांबावं लागलं.

माझ्या हातात आली ती नंतरची इंग्रजी सीडी. या खेळाचा अधिकृत इंग्रजी अवतार तेवढा एकच. फारशी खपली नाही, म्हणून आता दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग. केदारने किती पैसे मोजले ते त्याने सांगितलं नाही. सानिका घरात होती.

गोष्ट अशी. मॉस्कोजवळच्या एका संशोधन केंद्रातून 'ल्युसिफर-अल्फा' नावाचं जैविक अस्त्र निसटतं आणि युरोप-आशियातली ऐंशी टक्के माणसं, म्हणजे जगातली निम्मी, मरतात. पन्नास वर्षांनी 'निओ कोबे' नावाचं शहर उभं आहे, आणि त्यात हिवाळ्याच्या दिवसांत काही यंत्रं शिरतात. ती माणसाला मारतात आणि त्याची जागा घेतात. तोच चेहरा, तोच आवाज, तेच ऑफिस. त्यांना घाम येतो, कापलं तर रक्तही येतं. हिवाळाच का, तर त्यांच्या खोट्या कातडीला ऊन सोसत नाही. या यंत्रांना स्नॅचर म्हणतात, आणि त्यांना हुडकणाऱ्या पथकाला 'जंकर'. जंकर हे आद्याक्षरांवरून केलेलं नाव. त्याची फोड जपानी आवृत्तीत एक आहे आणि इंग्रजीत वेगळीच, आणि दोन्ही इतक्या ओढूनताणून आणलेल्या की आधी नाव ठरलं आणि मग अक्षरांना मुलाखतीसाठी बोलावलं हे उघड दिसतं. आपल्या सरकारी योजनांची नावं ठेवणाऱ्यांना हे पटेल.

मूळ खेळात तो सर्वनाश १९९१ साली होतो. इंग्रजी आवृत्ती निघेपर्यंत १९९१ येऊन गेलं होतं, म्हणून त्यांनी तारीख पाच वर्षं पुढे ढकलली: सर्वनाश १९९६, गोष्ट २०४२ ऐवजी २०४७. जगबुडीलाही मुदतवाढ मिळते हे वाचून मला बरं वाटलं. माझ्या प्रकाशकाला मी ते कळवणार आहे.

नायकाचं नाव गिलियन सीड. लांब कोट, कपाळावर केस, आणि स्मरणशक्ती गेलेली. तीन वर्षांपूर्वी तो सापडला तेव्हा त्याला एकच शब्द आठवत होता, स्नॅचर. त्याच्याबरोबर जेमी नावाची बाई सापडली, तीही सगळं विसरलेली. ही तुझी बायको, हा तुझा नवरा, असं दोघांना सांगण्यात आलं. दोघांनी काही दिवस तसं वागून पाहिलं, जमेना, म्हणून आता वेगळे राहतात. आणि या विसराळू गृहस्थाला मदतनीस म्हणून मिळतो एक गुडघ्याएवढा यंत्रमानव, 'मेटल गिअर'. आदल्याच वर्षी, १९८७ मध्ये, कोजिमाचा त्याच नावाचा खेळ गाजला होता; तिथलं नाव उचलून इथल्या पोराला दिलं. हा मेटल गिअर बाहेरचे फोन जोडतो, सुगावे नोंदवतो, चुकलं तर टोमणे मारतो. आणि खेळ आज इथेच थांबवून उद्या पुढे खेळायचा असेल तर तेही त्यालाच सांगायचं, म्हणजे तो सगळं लक्षात ठेवतो. स्वतःची आठवण हरवलेल्या माणसाची आठवण त्या डब्याने सांभाळायची. कोजिमाने हे मुद्दाम केलं की सोयीचं होतं म्हणून झालं, कोण जाणे. पहिल्या रात्री मी ते बटण दाबलं तेव्हा क्षणभर थबकलो एवढं खरं.

आता मूळ मुद्दा. या खेळात बुद्धी फारशी लागत नाही, भोचकपणा लागतो.

एखाद्याच्या घरात शिरलात की 'पाहा' म्हणायचं. खोली दिसते. 'तपासा' म्हणायचं. विशेष काही नाही असं कळतं. इथे सभ्य माणूस थांबतो आणि अडकतो. मी सभ्य माणूस असल्याने पाऊण तास अडकलो. कारण पुन्हा 'पाहा' म्हटलं की आधी न दिसलेली एक वस्तू दिसते, ती तपासली की तिच्याबद्दल विचारायची सोय होते, आणि विचारलं की समोरचा माणूस जे सांगतो ते त्याने मघाशीच सांगायला काय हरकत होती, असं वाटतं. पण मघाशी तुम्ही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर याचा कंटाळाही येतो. सगळ्या वस्तूंवरून तीन-तीनदा नजर फिरवल्याशिवाय खेळ इंचभर पुढे सरकत नाही, आणि त्यामागे दर वेळी काही अर्थ असतो असंही नाही.

सुलभा मागे बसून शेंगदाणे सोलत होती. तिला खेळात रस नव्हता, म्हणजे पहिली दहा मिनिटं. मग म्हणाली, "टेबलाचा खण उघडलास का?"

"उघडला. काही नाही त्यात."

"परत उघड. आणि त्या पोरीला तिच्या वडलांबद्दल परत विचार. ती काहीतरी लपवतेय."

ती पोरगी म्हणजे कत्रिना. वडील, जाँ-जाक गिब्सन, याच पथकात होते. त्यांचा खून झालेला. मी पुन्हा विचारलं. ती खरंच लपवत होती. सुलभाने शेंगदाण्यांचं ताट बाजूला ठेवलं, खुर्ची पुढे ओढली, आणि त्या क्षणापासून मी फक्त बटणं दाबणारा उरलो. मेटल गिअरसारखा.

जपानच्या पोलिसी खेळांत ही परंपरा जुनीच आहे, असं केदारने सांगितलं. युजी होरी हे अवाजी बेटावरचे. कोबेपासून ते काही फार लांब नाही. त्यांनी १९८३ साली 'पोर्टोपिया' नावाचा एक खुनाच्या तपासाचा खेळ लिहिला, तोही कोबेतच घडणारा. त्यात तुम्ही साहेब असता, स्वतः दिसतही नाही, आणि यासू नावाच्या हाताखालच्या माणसाला हुकूम सोडता. पहिल्या आवृत्तीत हे हुकूम टाइप करावे लागत. संगणकाला मोजके शब्द कळायचे आणि ते कोणते हे तुम्हाला कळायचं नाही. दार 'उघड' म्हटलं तर हो, 'ढकल' म्हटलं तर समजलं नाही. १९८५ मध्ये हा खेळ फॅमिकॉमवर आला. त्या यंत्राला कीबोर्ड नव्हता, म्हणून क्रियापदांची तयार यादीच पडद्यावर मांडून ठेवली. कोजिमाने हा खेळ खेळला आणि आपणही हेच करावं असं त्याला वाटलं, असं तो स्वतः सांगत आला आहे. त्यातला खुनी कोण हे जपानात आता गल्लीतल्या पोरालाही माहीत असतं, त्याची म्हण झाली आहे. मी सांगणार नाही. कुणाच्या चाळीस वर्षं जुन्या रहस्याचा विचका करायला मी काही आमच्या वाड्यातला बंडूकाका नाही. तो पिक्चर सुरू व्हायच्या आत खुनी सांगायचा.

याचं एक उत्तरकांडही आहे. २०२३ साली 'पोर्टोपिया'च्या मालकांनी खेळ नव्याने फुकट दिला. या वेळी कृत्रिम बुद्धिमत्ता जोडलेली, म्हणजे यासूशी मनाला येईल तसं बोला, तो समजून घेईल. लोकांनी हौसेने बोलून पाहिलं. यासू बहुतेक प्रश्नांवर "हं..." एवढंच म्हणायचा. लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. चाळीस वर्षांत यंत्रं एवढी पुढे गेली आणि यासू होता तिथेच. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. बारा तास कुणी काहीबाही विचारत राहिलं तर शेवटी "हं" शिवाय दुसरं काय निघणार तोंडातून?

एक दिवस पाऊस उघडला तेव्हा आम्ही पोर्ट आयलंडला गेलो. हे बेट माणसांनी केलेलं. कोबे म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. जागा पुरेना, तेव्हा त्यांनी मागचे डोंगर कापले, ती माती पट्ट्यांवरून खाली आणली आणि समुद्रात भरली. १९६६ ते १९८१, पंधरा वर्षं हे काम चाललं. मग तिथे 'पोर्टोपिया ८१' नावाचं भलंमोठं प्रदर्शन भरवलं, दीड कोटीवर माणसं ते बघून गेली, आणि तिथे जायला बिनड्रायव्हरची गाडी सुरू केली. होरींनी खेळाला नाव दिलं ते या प्रदर्शनाचं. कोजिमा तेव्हा सतरा वर्षांचा, जवळच्याच कावानिशी गावात राहणारा. भविष्यकाळ नावाची वस्तू त्या वर्षी कोबेत तिकीट लावून दाखवत होते. 'निओ कोबे' रंगवताना त्याने 'ब्लेड रनर' आणि 'टर्मिनेटर'कडून सढळ हाताने उसनवारी केली, ती झाकायचा फार प्रयत्नही केला नाही. पण शहराचा पाया त्याच्या डोळ्यांसमोर होता. आज त्या बेटावर 'फुगाकू' हा महासंगणक आहे. आणि ती बिनड्रायव्हरची गाडी अजून धावते.

सुलभा गाडीत अगदी पुढे जाऊन बसली. समोर काच, काचेपलीकडे रूळ, चालक नाही. दोन स्टेशनं गेल्यावर तिने सानिकाला विचारलं, "मग याला पगार कोण देतं?"

"कुणाला?"

"तेच विचारतेय."

इंग्रजी सीडी दुकानात आली त्याच सुमारास, १७ जानेवारी १९९५ ला पहाटे पावणेसहाला, कोबेत भूकंप झाला. ६,४३४ माणसं गेली. भर घातलेल्या बेटाची जमीन पाण्यासारखी झाली, खालचा चिखल वर आला. बंदरावर धक्क्याचा एक मोडका तुकडा तसाच राखून ठेवला आहे. तिरके झालेले दिव्यांचे खांब अजून तिरकेच आहेत. तिथे आम्ही कुणी काही बोललो नाही. सुलभाने तिथेही एका म्हाताऱ्या माळ्याला खुणेने विचारलं, तुम्ही होतात का तेव्हा? त्याने मान हलवली, आणि बोटाने डोंगराकडच्या बाजूला कुठेतरी दाखवलं.

शहरात आपली माणसं जुनी आहेत. १८९३ साली जपानी कंपनीची पहिली दूरपल्ल्याची नियमित बोटसेवा कोबेहून सुरू झाली ती मुंबईची. कापूस न्यायचा होता आणि त्यामागे जमशेटजी टाटांचा हात होता. कोबेच्या कितानो भागात चढणीवर एक जैन मंदिर आहे. सुलभा आत जाऊन आली आणि त्या गल्लीत फोडणीचा वास कुठून येतो याचा शोध लावूनच परतली. मी तिला विचारलं, कसा लागला शोध? म्हणाली, "विचारलं."

खाण्यावरून आठवलं. खेळात 'निओ कोबे पिझ्झा' नावाचा पदार्थ आहे. वाटीभर सुपात बुडवलेला पिझ्झा. ही कल्पना अकाशीयाकीवरून सुचलेली. अकाशी हे गाव कोबेच्या पश्चिमेला, गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. तिथल्या उओनोताना बाजारात आम्ही ती खाल्ली. तिरप्या लाकडी पाटावर गरमगरम गोळे येतात, आत ऑक्टोपसचा तुकडा, बाकी जवळजवळ सगळं अंडंच, आणि शेजारी पातळ रश्श्याची वाटी. बुडवायचे आणि खायचे. स्थानिक लोक याला नुसतं 'तामागोयाकी' म्हणतात. सुलभाने एक घास घेतला आणि निकाल दिला, "आप्पे आहेत. साराबरोबर."

मी घरी येऊन उरलेल्या पिझ्झ्याचा एक तुकडा टोमॅटोच्या सारात बुडवून खाऊन पाहिला. चांगला लागतो. ज्यांनी चकोल्या खाल्ल्या आहेत त्यांनी नाक मुरडू नये. आमटीत कणीक शिजवणाऱ्या लोकांना सुपात पिझ्झा बुडवणाऱ्यांवर हसायचा अधिकार नाही. सुलभा मात्र बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तीस वर्षांत मी जेवणात कधी काही नवीन केलेलं नाही. "खरा तूच ना?" असं तिने विचारलं नाही, पण ताट उचलताना माझ्या हाताला हात लावून पाहिला. हात गरम होता.

आता त्या रात्रीची गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. गिलियन आणि मेटल गिअर एका ओसाड कारखान्यात शिरतात. मेटल गिअर म्हणतो, मला कसला तरी बारीक आवाज येतोय. आणि मग गिलियनला नाही, सरळ तुम्हालाच सांगतो: जरा आवाज वाढवा. मी टीव्हीचा आवाज वाढवला. नीट ऐकू येईना म्हणून आणखी वाढवला. सुलभा कान देऊन पुढे झुकली. टिक्, टिक्, टिक्... आणि धडाम.

रात्रीचे साडेअकरा. कोबेतली एक इमारत, अकरावा मजला, कागदासारख्या भिंती. सुलभाच्या हातातलं ताट उलटलं. सानिका बेडरूममधून धावत आली, तिला भूकंप वाटला. आणि पडद्यावर, धूर निवल्यावर, गिलियन म्हणतो माझे कान वाजतायत, आणि मेटल गिअर म्हणतो, मग, तुम्हीच तर आवाज वाढवलात. केदार दारात उभा राहून पोट धरून हसत होता. त्याला माहीत होतं. या क्षणाची तो चार दिवस वाट बघत होता.

कोजिमाला असले खोडसाळपणाचे झटके येतात. याच खेळाच्या वेळी त्याच्या डोक्यात होतं की फ्लॉपीवर असं काहीतरी लावायचं की संगणकात ती तापली की रक्ताचा वास यावा. कंपनीने नाही म्हटलं. कंपनीत एखादी तरी शहाणी बाई असावी. खेळातलं सगळंच काही मजेचं नाही. गिलियन दिसेल त्या बाईशी लगट करतो, स्वागतकक्षातल्या मिकाशी, गिब्सनच्या पोरीशीसुद्धा. इंग्रजीत आणताना त्या पोरीचं वय चौदावरून अठरा करावं लागलं यातच काय ते आलं. जुन्या फार्समधला फाजील नायक आज जसा अंगावर येतो तसं ते वाटतं. सुलभाने त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. खेळात व्हिडिओफोन आहे, नंबर फिरवला की समोरच्याचा चेहरा दिसतो. गिलियन कुणाशी जरा लाडात बोलला की ती म्हणायची, "लाव फोन. जेमीला लाव." मी लावायचो. जेमी भेटायची, थोडं बोलायची, उदास असायची. "बघ, कशी झालीय," सुलभा मला म्हणायची, जणू मीच सीड.

धडाम झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभाने ठरवलं, शेजारी जाऊन माफी मागायची. सानिका म्हणाली, "मामी, इथे असं नाही जात कुणाकडे. तीन वर्षं झाली, मला त्या आजींचं नावही माहीत नाही."

"तीन वर्षं?"

"लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करतो आम्ही."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. निओ कोबेत माणसाची जागा यंत्राने घेतली तरी कुणाला कळत नाही, ते उगाच नाही. लिफ्टमध्ये वाकून नमस्कार यंत्रालाही जमेल. आमच्या वाड्यात स्नॅचर आला असता तर सकाळी नऊच्या आत पकडला गेला असता. दूध घ्यायला रोजच्यापेक्षा पाच मिनिटं उशिरा आला, एवढ्यावरून. "आज काय हो, बरं नाही का?" "रात्री दिवा बराच वेळ चालू होता." "कालचं धोतर वाळत नाही घातलं?" एवढ्या फैरी झेलून एकही यंत्र टिकलं नसतं, सगळी कबुली देऊन पायरीवर बसून रडलं असतं.

सुलभा चिवड्याचा डबा घेऊन गेली. सानिका दुभाषी म्हणून मागे, लाजेने अर्धी झालेली. दहा मिनिटांत येतो म्हणाल्या आणि सव्वा तासाने आल्या. आजी सत्तर ओलांडलेल्या, एकट्या, मुलगा नागोयात. रात्रीचा धडाम त्यांनी ऐकला होता, आणि त्यांना वाटलं होतं आमच्याकडे कुणी पडलं. सकाळपासून त्या दाराशी येऊन परत जात होत्या, विचारावं की नाही या विचारात. भोचकपणा सगळीकडे असतो. काही ठिकाणी तो दारापर्यंत येऊन परत फिरतो, इतकंच.

दोन दिवसांनी डबा परत आला. रिकामा डबा परत देऊ नये हे त्यांनाही ठाऊक. आत इकानागो होते, आल्याच्या तुकड्यांबरोबर सोया आणि साखरेत आटवलेले बोटाएवढे मासे. हा पदार्थ कोबेकर बायका वसंताच्या सुरुवातीला घरोघरी करतात, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना वाटतात. आजींनी फ्रीजरमध्ये थोडा जपून ठेवलेला होता. दिसायला गंजलेल्या खिळ्यांची मूठ. चवीला असा की मी दोनदा भात घेतला. डब्याबरोबर एक चिठ्ठी होती; चिवड्यात आंबटगोड काय होतं, असं विचारलेलं. सानिकाने बेदाणे आणि आमचूर यांची जपानी नावं लिहून दिली. त्यावर पुन्हा चिठ्ठी आली.

खेळ आम्ही निघायच्या आदल्या रात्री संपवला. शेवट काय झाला ते सांगत नाही. जेमीबद्दल सुलभाचा अंदाज चुकला आणि ती त्यावरून थोडा वेळ गप्प बसली, एवढंच.

आता आम्ही पुण्यात आहोत. रविवारी सकाळी साडेआठला कोबेला व्हिडिओ कॉल असतो. तिकडे तेव्हा दुपारचे बारा. मी पेपर वाचत असतो, पण कानावर पडत असतं.

"फ्रिज उघड बघू. तो मागचा डबा कसला? उघड. परत दाखव. केदार कुठाय? विचार त्याला."

गेल्या रविवारी तिने सानिकाला शेजारच्या आजींचं दार वाजवायला लावलं. फोन हातात धरून सानिका बाहेर गेली. पॅसेज दिसला, घंटा वाजली, दार उघडलं. आजी फोनजवळ आल्या, एकदम जवळ, नुसता एक डोळा दिसत होता. मग मागे झाल्या, आमच्याकडे नीट बघितलं आणि सानिकाला काहीतरी विचारलं. सानिका हसली.

"काय म्हणतायत?" सुलभाने विचारलं.

"म्हणतायत, मामा जरा वेगळाच दिसतोय. तोच आहे ना?"

मी पेपर खाली ठेवून हात हलवला. सुलभाने फोन वळवून माझ्यावर धरला आणि मग स्वतःही, चष्मा लावून, माझ्याकडे बघायला लागली.